पंचायतीच्या दारापासून पाड्याच्या दारापर्यंत



जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन डोंगरी तालुके. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर वसलेले जव्हार हे एके काळी मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी होते. १९४८ मध्ये हे संस्थान विलीन झाले आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा हे दोन्ही तालुके नव्या जिल्ह्यात समाविष्ट झाले. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर आणि कोळी बांधवांच्या या मुलखात गाव म्हणजे एका जागी दाटीने उभी असलेली वस्ती नव्हे. एक पाडा टेकडीच्या माथ्यावर, दुसरा उतारावर, तिसरा ओहोळाच्या पलीकडे, अशा अनेक पाड्यांचे मिळून एक गाव बनते. आणि अशा काही गावांची मिळून एक ग्रामपंचायत.

या विखुरलेल्या वस्तीपर्यंत रस्ता नेणे, पाणी नेणे आणि वीज नेणे हे काम किती कष्टाचे आहे, याचा अनुभव प्रशासनाला आणि ग्रामस्थांना दीर्घकाळ आहे. आता त्यांच्या जोडीला इंटरनेट नेण्याचे काम आले आहे. त्याची निकड केवळ करमणुकीपुरती राहिलेली नाही. रास्त भाव दुकानातील धान्य ई-पॉस यंत्रावर अंगठा उमटल्यावर मिळते. अंगणवाडीतील बालकांच्या वजनाची आणि उंचीची नोंद २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर होते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला आहे. ज्या भागात बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या दुर्दैवी घटनांनी साऱ्या राज्यासमोर आणला, त्या भागात एका बालकाचे वजन वेळेवर वरिष्ठ कार्यालयास कळणे न कळणे ही क्षुल्लक बाब मानता येणार नाही.

यासाठी लागणारी मोठी कामे, म्हणजे तारा आणि मनोरे, शासनाच्या आणि दूरसंचार यंत्रणांच्या हाती आहेत. परंतु या मोठ्या कामांच्या शेवटी एक लहानसे अंतर नेहमी उरते. पंचायतीच्या कार्यालयात इंटरनेट आहे आणि शंभर पावलांवरील शाळेत ते नाही, असे हे अंतर. ते गावाला स्वतःच्या हिमतीवर आणि अल्प खर्चात कसे ओलांडता येईल, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

सहक्षेपणाची जुनी ओळख

दुरून आलेला संदेश वाटेत झेलून पुढे पाठविणे ही कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. मुंबईचे कार्यक्रम सह्याद्री ओलांडून पुण्याच्या घराघरांत पोहोचावेत म्हणून पुढील वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभे राहिले. गडाच्या माथ्यावरील त्या केंद्रात कार्यक्रम तयार होत नव्हते. आलेला कार्यक्रम पुन्हा जोमाने प्रक्षेपित करणे एवढेच त्याचे काम होते. गडाची उंची ही त्याची मुख्य शक्ती होती.

त्याही आधी, १९५६ मध्ये, पुणे परिसरातील १५० गावांत आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. ग्रामस्थ एकत्र बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका आकाशवाणीकडे कळवीत. संदेश गावापर्यंत जावा, तसाच गावाचा प्रश्नही परत यावा, हे त्या प्रयोगाचे मर्म होते. इंटरनेटच्या बाबतीत हे दुतर्फी दळणवळण क्षणोक्षणी आणि आपोआप चालते. म्हणूनच त्याचे सहक्षेपण दूरदर्शनच्या सहक्षेपणाहून थोडे अवघड आहे. येथे केवळ ऐकू येऊन भागत नाही; पलीकडच्याला ऐकवताही यावे लागते.

तार पोहोचली, पुढे काय?

देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरच्या तारेने जोडण्याच्या योजनेस केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. पुढे ती भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या दुसऱ्या टप्प्याचे राज्यातील काम महानेट या नावाने हाती घेण्यात आले. २०२३ मध्ये केंद्र शासनाने सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर करून ग्रामपंचायतीपलीकडील गावांनाही मागणीनुसार जोडणी देण्याचे ठरविले. ज्या गावांत मोबाईलची चौथ्या पिढीची सेवा नाही तेथे मनोरे उभारण्याच्या २६,३१६ कोटी रुपयांच्या प्रकल्पास जुलै २०२२ मध्ये मंजुरी मिळाली.

या योजनांचा आकार मोठा आहे. तथापि मूळ रचनेत तारेचे टोक ग्रामपंचायत कार्यालयात येते. तेथे एक पेटी बसते, तिला राउटर जोडला जातो, आणि राउटरपासून पुढे वायफायच्या लहरी हवेतून पसरतात. घरगुती वायफायची ही पोच चार भिंतींच्या आत वीस-तीस मीटर आणि मोकळ्या जागी त्याहून काहीशी अधिक असते. त्यापुढे शाळा असते, अंगणवाडी असते, आरोग्य उपकेंद्र असते. कार्यालयाच्या ओसरीवर मुलांची आणि पालकांची गर्दी होते, आणि शाळेचे गुरुजी माहिती भरण्यासाठी वर्ग सोडून पंचायतीत येऊन बसतात. २०२० मध्ये शाळा बंद पण शिक्षण सुरू ठेवण्याचे आवाहन झाले, तेव्हा डोंगराळ भागांतील मुले मोबाईलची रेघ शोधीत टेकाडावर जाऊन बसत. लहरींची वाट अडली की माणसांना वाट तुडवावी लागते.

रिपीटर म्हणजे काय?

रिपीटर हे तळहाताएवढे यंत्र असते. ते विजेच्या खटक्यात बसते आणि साधारणतः दीड ते तीन हजार रुपयांना मिळते. राउटरकडून येणाऱ्या लहरी ते ग्रहण करते आणि त्याच मजकुराच्या नव्या, सशक्त लहरी पुढे पाठविते. पलीकडील मोबाईलचा मजकूर ते तसाच राउटरकडे परत पोहोचविते.

या यंत्राविषयी दोन गैरसमज सर्वत्र आढळतात. पहिला गैरसमज असा की रिपीटर इंटरनेट निर्माण करतो. वस्तुतः त्याच्यापर्यंत जे पोहोचते तेवढेच तो पुढे देऊ शकतो. दुसरा गैरसमज अधिक नुकसानकारक आहे. जेथे रेघ मुळीच मिळत नाही, नेमके तेथेच लोक रिपीटर नेऊन बसवितात. शाळेत वायफाय येत नाही म्हणून शाळेच्या वर्गात रिपीटर बसविला जातो, आणि तो तेथे निरुपयोगी ठरला की यंत्रच वाईट निघाले असा समज होतो. परंतु ज्या जागी मोबाईलला काही ऐकू येत नाही, त्या जागी रिपीटरलाही ते ऐकू येणार नाही. नळाचे पाणी जेथे येतच नाही तेथे हंडा ठेवून उपयोग नसतो. रिपीटरची खरी जागा वाटेच्या मध्यावर, जेथे राउटरची लहर अजून चांगली मिळते आणि पुढील इमारतही जवळ येते, अशा ठिकाणी असते. या विषयातील निम्म्याहून अधिक यश या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

रिपीटरला एक किंमतही मोजावी लागते. साधा रिपीटर एकाच वाहिनीवर आळीपाळीने ऐकतो आणि बोलतो. त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. त्याच्यापुढे दुसरा रिपीटर जोडला तर तो चतुर्थांशावर येतो. म्हणून रिपीटरांची लांब साखळी करू नये. दोन पट्ट्यांवर चालणारे यंत्र घेतल्यास ही घट कमी होते. कारण राउटरशी बोलण्यास एक पट्टा आणि मोबाईलशी बोलण्यास दुसरा पट्टा वापरता येतो. तरीही वेग निम्मा होणे हा पाड्याच्या दृष्टीने फार मोठा तोटा नव्हे. अंगठ्याची ओळख पटविण्यास किंवा बालकाचे वजन नोंदविण्यास लागणारा मजकूर अत्यल्प असतो; चित्रासह संवादालाही सेकंदास एक-दोन मेगाबिट पुरतात. गावाला वेगापेक्षा खात्रीची अधिक गरज आहे.

जागेची निवड

लहरीची ताकद मोजण्याची सोय हल्लीच्या मोबाईलमध्ये मोफत अ‍ॅपच्या साहाय्याने होते. हे माप डीबीएम या एककात आणि उणे चिन्हासह दाखविले जाते. आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकी लहर सशक्त. उणे ५० उत्तम, उणे ६५ पर्यंत चांगली, उणे ७० नंतर दुबळी आणि उणे ८० च्या पुढे जवळजवळ निरुपयोगी, असा ढोबळ हिशोब ध्यानी ठेवावा. या मापात १० चा फरक म्हणजे ताकदीत दसपट फरक. अर्थात उणे ८० ची लहर उणे ६० च्या लहरीच्या शंभराव्या हिश्श्याइतकीच असते.

एखाद्या पाड्याचे कल्पित उदाहरण घेऊ या. पंचायतीच्या राउटरपासून १० मीटरवर, ओसरीवर, माप उणे ४५ येते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की माप सुमारे ६ ने खाली जाते. म्हणजे २० मीटरवर उणे ५१, ४० मीटरवर उणे ५७ आणि ८० मीटरवर उणे ६३. शाळा ८० मीटरवर असेल तर कागदावर काम चालावयास हवे. परंतु मध्ये पंचायतीची एक आणि शाळेची एक अशा दोन जाड भिंती येतात; त्या प्रत्येकी आठ-दहाने लहर खाली आणतात, आणि शाळेतील माप उणे ८० च्या घरात जाते. आता ४० मीटरवर अंगणवाडी आहे, तिची खिडकी पंचायतीकडे उघडते आणि तेथे माप उणे ६० येते. रिपीटर त्या खिडकीजवळ बसविला की राउटर त्याला नीट ऐकू येतो, आणि पुढे शाळेपर्यंत केवळ ४० मीटर अंतर आणि एकच भिंत उरते. तेच यंत्र आणि तोच खर्च. फरक पडला तो जागेमुळे.

अधिक ताकदीचा राउटर आणून हा प्रश्न सुटेल असे अनेकांना वाटते. परंतु राउटरचा आवाज मोठा झाला तरी मोबाईलचा आवाज लहानच राहतो. मोबाईलला राउटर ऐकू येतो आणि राउटरला मोबाईल ऐकू येत नाही, अशी एकतर्फी अवस्था त्यातून निर्माण होते. पडद्यावर रेघा पूर्ण दिसतात, पण पान उघडत नाही.

भिंती, पत्रे आणि पाऊस

जव्हार-मोखाड्याच्या घरांचा विचार या ठिकाणी स्वतंत्रपणे करावा लागतो. कारवीच्या कुडावर शेणमातीचा लेप दिलेली भिंत कोरडी असताना लहरींना फारशी अडवीत नाही. दगडी आणि विटांची भिंत अधिक अडविते. लोखंडी गजांचे सिमेंट काँक्रीट त्याहून अधिक. लोखंडी पत्रा तर लहर जवळजवळ परतवूनच लावतो. पत्र्याच्या छपरावर किंवा पत्र्याच्या भिंतीआड ठेवलेला रिपीटर म्हणूनच निराशा करतो. लोखंडी कपाट, फळा टांगलेली पत्र्याची चौकट आणि पाण्याची टाकी यांपासूनही यंत्र दूर ठेवावे. डोक्याच्या वर, खिडकीजवळ आणि मोकळ्या दिशेला तोंड करून ते बसवावे.

या तालुक्यांत पावसाळा जोरदार असतो. वायफायच्या लहरींना पडणारा पाऊस स्वतः विशेष अडवीत नाही. अडवितात ती पावसाने भिजलेली झाडे आणि ओल मुरलेल्या भिंती. उन्हाळ्यात, झाडे निष्पर्ण असताना, घेतलेले माप श्रावणात टिकत नाही. म्हणून मे महिन्यात काम केले असल्यास जुलै महिन्यात पुन्हा मोजणी करावी आणि निवडीच्या वेळीच आठ-दहाची सवलत हाताशी ठेवावी.

एका बाबतीत मात्र पाडा शहराहून सुदैवी आहे. शहरातील इमारतीत शेजारच्या वीस-पंचवीस राउटरांच्या लहरी एकमेकींत मिसळतात. पाड्यावरील हवा त्या दृष्टीने शांत असते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील १, ६ आणि ११ या एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्यांपैकी कोणतीही येथे बहुधा मोकळी सापडते. हा पट्टा भिंतीतून जाण्यास तुलनेने चांगला. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, परंतु भिंतीपुढे लवकर थकणारा.

उभारणीची पद्धत

प्रथम पाहावे ते हे की रिपीटरची गरज आहे काय. राउटर कोपऱ्यातील कपाटात असेल तर तो खिडकीशी आणून अनेकदा प्रश्न सुटतो. तो न सुटल्यास तारेचा विचार करावा. इंटरनेटची साधी तांब्याची तार शंभर मीटरपर्यंत चालते. एकाच इमारतीत ती नेऊन दुसऱ्या टोकास वायफायचे यंत्र बसविल्यास वेग निम्मा होत नाही. दोन स्वतंत्र इमारतींमध्ये मात्र उघड्यावरून तांब्याची तार नेणे विजेच्या कडकडाटात धोक्याचे असते. तेथे फायबरची तार न्यावी किंवा रिपीटर वापरावा.

रिपीटर निश्चित झाल्यावर तो आधी राउटरच्या खोलीतच चालू करावा. बहुतेक यंत्रांवर जोडणीचे बटण असते. राउटरवरील तसेच बटण दाबून दोन मिनिटांच्या आत रिपीटरवरील बटण दाबले की दोघांची ओळख होते. बटण नसल्यास मोबाईलवरून रिपीटरच्या पानावर जाऊन राउटरचे नाव निवडावे आणि त्याचा परवलीचा शब्द भरावा. कारखान्यातून आलेला व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द त्याच वेळी बदलावा. चाचणीपुरते रिपीटरला वेगळे नाव द्यावे, म्हणजे मोबाईल कोणाशी बोलत आहे ते कळते. अन्यथा मोबाईल दूरच्या राउटरला चिकटून राहतो आणि दोष रिपीटरला दिला जातो. त्यानंतर यंत्र निवडलेल्या जागी न्यावे, राउटरकडील माप पाहावे, शाळेत जाऊन वेग पाहावा आणि यंत्र चार पावले इकडे, चार पावले तिकडे सरकवून पुन्हा पाहावे. या अर्ध्या तासाच्या फेऱ्यांत वरच्या वर्गातील मुलांना सहभागी करून घेतल्यास विज्ञानाचा एक उत्तम प्रत्यक्ष पाठही साधतो.

विजेचा प्रश्न यात निर्णायक आहे. वाटेवरील रिपीटर बंद पडला की राउटर चालू असूनही पुढचा सर्व भाग बंद पडतो. तारेची पेटी, राउटर आणि रिपीटर मिळून सुमारे २४ वॉट वीज लागते असे धरल्यास, १२ व्होल्ट आणि ४० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरूनही सुमारे १० तास पुरते. यंत्रे दोन इमारतींत असल्याने बॅटरीची सोयही दोन ठिकाणी करावी लागेल. शाळेवर सौर संच असल्यास त्याचा लाभ घ्यावा. भूजोडणी नीट असणे आणि विजेच्या लाटेपासून संरक्षण देणारा खटका वापरणे या भागात अनिवार्य समजावे.

ओहोळापलीकडचा पाडा

खिडकीतील रिपीटर शंभर मीटरचा प्रश्न सोडवितो. परंतु समोरच्या टेकडीवरील दीड किलोमीटर अंतरावरचा पाडा त्याच्या आवाक्याबाहेर असतो. तेथे एकाच दिशेला लहर सोडणाऱ्या ॲंटेनांची जोडी उपयोगी पडते. दोन्ही टोके एकमेकांस दिसली पाहिजेत, ही तिची पहिली अट. दृष्टिरेषेभोवती काही जागाही मोकळी लागते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एक किलोमीटरच्या अंतरासाठी मध्यभागी ही मोकळीक रेषेच्या सर्व बाजूंनी साडेतीन ते चार मीटर असावी. नुसते झाडाच्या शेंड्यावरून पलीकडचे छप्पर दिसणे पुरेसे नाही. डोंगर, जो एरवी अडथळा ठरतो, तोच येथे फुकटचा मनोरा बनतो.

याचे मोठे उदाहरण नेपाळचे. महाबीर पुन या शिक्षकाने म्याग्दी जिल्ह्यातील आपल्या नांगी या गावी पर्वतमाथ्यांवरील सहक्षेपण ठाण्यांच्या साहाय्याने वायफाय नेले आणि पुढे आसपासची अनेक गावे जोडली. या कार्यासाठी त्यांना २००७ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरंभीची साधने साधी होती, काही ॲंटेना तर झाडांवर बांधलेल्या होत्या.

दुसरे उदाहरण खुद्द पालघर जिल्ह्यातील आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरदर्शनसाठी राखीव असलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा अभ्यास केला. या पट्ट्यातील १५ वाहिन्यांपैकी किमान १२ वाहिन्या देशात सर्वत्र मोकळ्या असल्याचे त्यांना आढळले. या मोकळ्या वाहिन्यांच्या लांब लहरी झाडझाडोऱ्यातून अधिक सहज जातात. प्रायोगिक परवाना घेऊन पालघर तालुक्यातील खामलोली परिसरातील सात गावांत त्यांची चाचणी झाली. गावापर्यंतचा दुवा या लहरींचा आणि गावातील वाटप वायफायचे, अशी ती रचना होती. ग्राममार्ग या नावाच्या या उपक्रमास २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रथम पारितोषिक मिळाले. पंचायतीला केवळ लाभार्थी न मानता भागीदार मानणे, हा या उपक्रमाने पुढे ठेवलेला विचार जव्हार-मोखाड्याच्या पंचायतींना विशेष मननीय वाटावा.

कायद्याची चौकट

वायफाय वापरण्यास परवाना लागतो काय, असा प्रश्न ग्रामसभेत हमखास विचारला जातो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये ठरावीक ताकदीच्या मर्यादेत परवानामुक्त करण्यात आला. त्यामुळे बाजारातील मान्यताप्राप्त वायफाय रिपीटर बसविण्यास वेगळा परवाना लागत नाही.

मोबाईलच्या मनोऱ्याची लहर वाढविणारा बूस्टर ही मात्र सर्वस्वी वेगळी वस्तू आहे. मोबाईल कंपन्यांना नेमून दिलेल्या लहरी त्यात वापरल्या जातात. अधिकृत परवानगीवाचून असा बूस्टर बसविणे बेकायदेशीर आहे, आणि त्याच्या गोंगाटाने आसपासच्या संपूर्ण परिसराची मोबाईल सेवा बिघडू शकते. दुकानदार दोहोंना एकाच नावाने विकतात, म्हणून खरेदी करणाऱ्याने सावध राहावे. घरात वायफाय चांगले असल्यास बूस्टरची गरजही कमी होते. कारण सोय असलेल्या मोबाईलवरून वायफायमार्फत साधे बोलणेही करता येते. मनोऱ्याची रेघ न मिळणाऱ्या पाड्यावरून प्रसूतीच्या वेळी आशा कार्यकर्तीशी बोलता येणे, हा या लहानशा यंत्राचा सर्वांत मोठा उपयोग ठरू शकेल.

डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेखाली गावातील दुकानदारास किंवा बचत गटास सार्वजनिक वायफाय केंद्र चालविता येते. त्यासाठी त्यास स्वतंत्र परवाना लागत नाही. नोंदणीकृत संयोजक संस्थेशी जोडून घ्यावे लागते. वापरणाऱ्याची ओळख त्यात नोंदली जाते, म्हणून दुरुपयोगाचा धोका कमी राहतो. पंचायतीचे वायफाय खुले ठेवण्यापेक्षा हा मार्ग श्रेयस्कर. कार्यालयाचा परवलीचा शब्द भिंतीवर लिहून ठेवण्याची प्रथा तर तत्काळ बंद व्हावी.

यंत्राची निगा आणि माणसाची जबाबदारी

जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. पेसा कायद्याने येथील ग्रामसभेस विशेष अधिकार दिले आहेत, आणि राज्य शासनाने अबंध निधीही थेट ग्रामपंचायतींच्या हाती देण्याची व्यवस्था केली आहे. शाळा, अंगणवाडी आणि उपकेंद्र यांना जोडणारा रिपीटर आणि त्याची बॅटरी यांचा खर्च एखाद्या लहान मोरीच्या दुरुस्तीहूनही कमी आहे. ग्रामसभेने ठराव करावा, ग्रामपंचायत अधिकाऱ्याने खरेदीची नोंद ठेवावी आणि शाळेच्या गुरुजींनी मोजणीचे काम अंगावर घ्यावे, अशी सरळ विभागणी होऊ शकते.

यापुढील गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हातपंपांचा आणि सौर दिव्यांचा अनुभव सांगतो की साधन बसविण्याचा समारंभ होतो, परंतु ते बिघडल्यावर कोणाकडे जावयाचे हे ठरलेले नसते. रिपीटरचेही तसेच होऊ नये. प्रत्येक पाड्यावर एक तरुण किंवा तरुणी या कामासाठी नेमावी. यंत्राची जागा, जोडणीची तारीख, त्या दिवसाचे माप आणि बॅटरी बदलल्याची तारीख एका वहीत लिहावी. माप एकाएकी दहाने खाली गेले तर झाड वाढले, भिंत ओली झाली की कोणी कपाट सरकविले, याचा शोध त्या वहीवरून तत्काळ लागतो. गावाबाहेरील तंत्रज्ञाची आठवडाभर वाट पाहण्याची वेळ मग क्वचितच येते.

सहक्षेपकाचे काम विनम्र असते. तो स्वतःचे काही सांगत नाही. आलेले विश्वासाने पुढे देतो आणि पलीकडचे तितक्याच विश्वासाने परत आणतो. त्यासाठी त्याला दोन्ही बाजू ऐकू येतील अशा जागी उभे राहावे लागते. पंचायत सदस्य, शिक्षक आणि ग्रामपातळीवरील कर्मचारी यांचे स्थानही शासन आणि पाडा यांच्यामध्ये असेच आहे. शासनाची तार पंचायतीच्या दाराशी आली आहे किंवा येत आहे. तेथून पुढची शंभर पावले चालणे गावाच्या हाती आहे. आई बालकाला घेऊन अंगणवाडीत येईल, वजनकाट्यावरील आकडा त्याच क्षणी जेथे पोहोचावयास हवा तेथे पोहोचेल, आणि नेटवर्क नाही म्हणून धान्याची पिशवी रिकामी घेऊन कोणालाही डोंगर उतरावा लागणार नाही, असे दृश्य जव्हार-मोखाड्याच्या प्रत्येक पाड्यावर दिसावे, ही अपेक्षा अस्थानी ठरू नये.